‘फीव्हर हॅज कम टू मी’

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी लागली, नववीचे दोन वर्ग मिळाले, तेही इंग्रजीचे, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढच्या वाक्याशी अडखळले. ‘ग्रामरचा तास म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात, आणि बाई, खरं सांगू का, माझाही पडतो.’ म्हणून लगेच लिहायला बसले.

तुम्हाला मी ‘रिमूव्ह टू’ शिकवलं, ‘नो सूनर दॅन’ घोटून घेतलं, डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला लावलं. ते पेपरात येतं, तुलाही शिकवावं लागेल, त्यातून सुटका नाही. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती तुला पहिल्याच वर्षी कळावी अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या आधीच्या एका बॅचमधल्या मुलीनं रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘फीव्हर हॅज कम टू मी.’ मी लाल रेघ मारली, वर बरोबर वाक्य लिहिलं आणि वही परत केली. चूक होतीच. पण बघ, मराठीत ताप येतो, राग येतो, आठवण येते, भूक लागते. आपण आपल्या जागी असतो आणि या सगळ्या गोष्टी आपल्याकडे चालत येतात. इंग्रजीत ताप माणसाच्या मालकीचा होतो, ‘आय हॅव अ फीव्हर’. पुढे कधीतरी आयरिश भाषेबद्दल वाचत होते, तेव्हा एक वाक्य भेटलं, ‘टॉ ब्रोन ओरम’. शब्दशः अर्थ, दुःख माझ्यावर आहे. दुसरं, ‘टॉ ल्याउर अगम’, पुस्तक माझ्यापाशी आहे. आयरिशमध्ये ‘हॅव’ला वेगळं क्रियापदच नाही. आणि आपल्याकडे तरी कुठे आहे? माझ्याकडे पुस्तक आहे, मला दोन भाऊ आहेत, असंच म्हणतो ना आपण! त्या रात्री मला ती मुलगी आठवली. तिच्या चुकीच्या आत तिची अख्खी भाषा होती, आणि मी तिला ते दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून आयरिश साहित्याचं वेड लागलं ते आजतागायत. तिथे इंग्रजी सत्तेबरोबर आली. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळानं आयरिश बोलणारी गावंच्या गावं ओस पाडली, आणि लोक इंग्रजी बोलू लागले. पण शब्द इंग्रजी घेतले तरी सांगाडा बऱ्याच ठिकाणी आयरिश राहिला. नुकतंच जेवण झालं असेल तर तिथला माणूस म्हणतो, ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग माय डिनर.’ पाठ्यपुस्तकातल्या टेन्सच्या तक्त्यात हे कुठेच बसत नाही, पण आयरिशमधून पाहिलं की चोख बसतं. ‘आय अ‍ॅम’ला क्वेश्चन टॅग काय लावायचा, हे तुझी मुलं विचारतीलच. ‘आरन्ट आय’ हे उत्तर त्यांना पटणार नाही, आणि न पटणं अगदी बरोबर आहे. आयर्लंडमध्ये लोक सरळ ‘अ‍ॅमन्ट आय’ म्हणतात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्हीला ‘यू’च का, असाही प्रश्न येईल. ती अडचण तिथल्यांनाही झाली असावी, त्यांनी अनेकांसाठी ‘यी’ आणि ‘यूज’ जवळ ठेवले. पेपरात मात्र ‘आरन्ट आय’च लिहायला लाव. आपल्या हौसेपायी मुलांचे मार्क जाता कामा नयेत.

जॉन मिलिंग्टन सिंग हा आयरिश नाटककार मला या बाबतीत गुरूसारखा वाटतो. विकलो भागातल्या एका जुन्या घरात तो राहत होता. खोलीच्या जमिनीला एक फट होती. खाली स्वयंपाकघरात कामकरी मुली बोलत, आणि हा वर बसून त्यांची वाक्यं ऐके. ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’च्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय. 1907 साली डब्लिनच्या अ‍ॅबे थिएटरात त्या नाटकावर दंगा झाला, पण त्यातली भाषा टिकली. शिकलेला माणूस, आणि न शिकलेल्या मुलींचं वाक्य कसं वळतं ते ऐकण्यासाठी कान लावून बसलेला! वह्या तपासताना मला ती फट नेहमी आठवते.

आता माझी सर्वात आवडती गोष्ट सांगते. आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सुटे शब्द नाहीत. ‘आलास का?’ असं विचारलं तर उत्तर ‘आलो’ किंवा ‘आलो नाही’. आपणही घरात असंच बोलतो की! क्रियापदच परत देतो. अशा देशातल्या जेम्स जॉइसनं ‘युलिसिस’ लिहिली. 1922 साली ती पॅरिसमध्ये छापली गेली. तिच्या शेवटच्या प्रकरणात मॉली ब्लूम रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करते, पानंच्या पानं, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. ते प्रकरण ‘येस’नं सुरू होतं आणि ‘येस’वर संपतं. ज्या मातीतल्या जुन्या भाषेत हा शब्दच नव्हता, तिथला लेखक त्याच शब्दावर एवढी मोठी कादंबरी टेकवतो. त्याच्या मनात हे होतं की नव्हतं, कोण जाणे. मला मात्र ते पान उघडलं की दर वेळी भरून येतं.

तू ‘युलिसिस’पासून सुरुवात करू नकोस. ‘डब्लिनर्स’ घे, पंधरा कथा आहेत. त्यातल्या ‘द डेड’चं पहिलंच वाक्य फळ्यावर लिही. लिली नावाची मुलगी पाहुण्यांच्या गडबडीत ‘लिटरली’ पाय तुटेस्तोवर धावतेय. ‘लिटरली’ इथे चुकीचं आहे, कारण पाय काही खरोखर तुटलेले नाहीत. मग वर्गाला विचार, जॉइसला हे कळत नसेल? कुणीतरी हात वर करून म्हणेलच की बाई, लिलीच तसं बोलत असणार. तो तास व्याकरणाचा झाला की साहित्याचा, ते तू ठरव.

आयरिश नाटककार बर्नार्ड शॉबद्दल एवढंच, की तो ‘डोन्ट’, ‘कान्ट’मधली अ‍ॅपॉस्ट्रॉफी गाळून टाकायचा. वर्गात हे जपून सांग, नाहीतर सगळी पोरं शॉ होतील. आणि ‘ती फुलराणी’ तुझ्या आईनं पाहिलं असेल, तर ते शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी केलं हे तिलाही सांग.

सोबत आयरिश लेखिका क्लेअर कीगन यांचं ‘फॉस्टर’ पाठवतेय. छोटंसं आहे, एका रविवारी होईल. एका लहान मुलीला उन्हाळ्यापुरतं नातेवाइकांकडे ठेवतात, आणि ती सगळं वर्तमानकाळात सांगते. भूतकाळात सांगितलं असतं तर काय हरवलं असतं, ते वाचताना बघ. अगदी शेवटी एक संबोधन दोनदा येतं. पहिल्यांदा ते कुणासाठी आणि दुसऱ्यांदा कुणासाठी, यावर माझं मत दोनदा बदललंय. वाचून झालं की तुझं लिहून पाठव.

तुझ्या बाई