‘तुझा गैरसमज झालाय’ म्हटलं की भांडण का वाढतं?

“मी साधं काही बोलले तरी घरच्यांचा गैरसमज होतो. खुलासा करायला जावं तर आणखी बिघडतं. काय करू?” समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो.

आजारी आईची जबाबदारी वाटून घेणाऱ्या भावाबहिणीचंच घ्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). शस्त्रक्रिया आत्ता करायची की थांबायचं, यावर बहिणीने भावाला लांबलचक मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं, “ठीक आहे. तू बघ काय ते.” त्याला म्हणायचं होतं, तू आईजवळ आहेस, तू ठरवशील ते मला मान्य. तिने वाचलं, याने हात झटकले. समोरासमोर आवाजावरून उलगडा झाला असता. लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो, तो वाचणारा आपल्या पदरचा घालतो.

खरी ठिणगी मात्र भावाच्या पुढच्या वाक्याने पडली: “तुझा गैरसमज झालाय.” तसा गैरसमज ‘होतो’, मुद्दाम कुणी करत नाही. पण आधी ‘तुझा’ लागलं की चूक ऐकणाऱ्याच्या माथी बसते. ‘गैरसमज करून घेऊ नकोस’ हे त्याहून टोचतं. ‘विपर्यास केलास’ म्हणजे तर हेतूवरच बोट; तो शब्द घरात न वापरलेलाच बरा. त्याऐवजी “मला नीट सांगता आलं नाही, तुला काय वाटलं ते सांग” एवढं पुरतं.

दोघं समुपदेशनाला आली, तेव्हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५२ मध्ये मांडलेला एक नियम वापरला: समोरच्याचं म्हणणं, त्यामागच्या भावनेसकट, त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. भाऊ म्हणाला, “तिच्या मते मी बेजबाबदार आहे.” बहिणीने मान हलवली, नाही. बहुतेक जण इथेच घसरतात: म्हणणं सांगायचं सोडून त्यातून काढलेला निष्कर्ष सांगतात. दुसऱ्यांदा तो थांबत थांबत म्हणाला, “निर्णय तिने एकटीने घेतला आणि काही बरंवाईट झालं, तर खापर तिच्यावर फुटेल, याची तिला भीती वाटते.” “हो, हेच!” यानंतर लगेच ‘पण’ जोडायचा नाही. त्या एका शब्दाने केलेलं सगळं पुसलं जातं.

शस्त्रक्रियेचा प्रश्न तिथे सुटला. खर्चाच्या वाटणीचा सुटला नाही. भाऊ त्यालाही गैरसमजच म्हणत होता, पण दोघांनी एकमेकांची बाजू बिनचूक सांगितली, तरी दोघं आपापल्या जागी ठाम. म्हणजे तो मतभेद. मतभेदाला गैरसमज म्हटलं की माणसं तोच खुलासा पुन्हा पुन्हा, चढ्या आवाजात करत राहतात. तिथे खुलासा नाही, तडजोड लागते. मग कागद घेऊन कोण किती देणार, कुठल्या तारखेपर्यंत, आणि खर्च वाढला तर आधी कोणाला विचारायचं, हे दोघांनी लिहून काढलं.