सोसायटीच्या सभेत स्पष्ट बोलावे, पण कोणाला दुखवू नये: हे कसे जमवावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबातली चूक उघडपणे दाखवली तर वयाने मोठे असलेले पदाधिकारी दुखावतात, आणि त्यांचा मान राखून गप्प बसावे तर चुकीचा ठराव मंजूर होऊन जातो. मग स्पष्टपणा आणि सौजन्य यांचा मेळ कसा घालावा? मी काही वर्षे एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर होतो आणि त्याआधी व नंतर साधा सभासद म्हणून प्रश्नही विचारत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, सभेत माणसे सत्यामुळे फारशी दुखावत नाहीत. ते सत्य चारचौघांत, आगाऊ कल्पना न देता आणि हेतूवर शंका घेऊन पुढे आले की दुखावतात. म्हणून म्हणणे सौम्य करण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये; ते कधी, कोठे आणि कोणाला उद्देशून मांडतो याची काळजी घ्यावी.

उदाहरणच घेऊ. समजा, इमारतीच्या रंगकामाचा खर्च सिंकिंग फंडातून केल्याचे ताळेबंदात दिसत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, हा निधी बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दराने दरवर्षी जमा करायचा असतो आणि तो मोठ्या दुरुस्त्या व पुनर्बांधणी यांसाठी राखलेला असतो; नेहमीच्या डागडुजीसाठी 0.75 टक्के दराचा दुरुस्ती निधी वेगळा असतो. आता एखादा सभासद उठून म्हणतो, ‘सिंकिंग फंडाचे पैसे कोणी उडवले, ते आधी सांगा.’ दुसरा म्हणतो, ‘अध्यक्षमहोदय, रंगकामाचा खर्च सिंकिंग फंडात दाखवला आहे. तो कोणत्या ठरावाने केला, आणि ठराव झाला नसेल तर ती रक्कम निधीत परत कधी भरली जाईल, हे सभेला कळावे.’ पहिल्या वाक्याला सडेतोड म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यातून सुटका करून घेणे अगदी सोपे असते. ‘इतकी वर्षे फुकट राबलो, आणि आज माझ्यावर चोरीचा आळ?’ असे खजिनदार म्हणाले की पुढचा अर्धा तास त्यांच्या अब्रूवर खर्च होतो, निम्मी सभा त्यांच्या बाजूने उभी राहते आणि निधीचा विषय चहाबरोबर संपतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दोनच उत्तरे संभवतात: ठरावाची तारीख, किंवा ठराव झाला नसल्याची कबुली. म्हणजे ज्याला आपण सौजन्याची भाषा समजतो, तीच येथे अधिक कठोर ठरते.

यातला मोठा भाग सभेच्या आधीच करायचा असतो. वार्षिक सभेची सूचना किमान 14 पूर्ण दिवस आधी सभासदांना मिळायला हवी, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि इतर काही दप्तर संस्थेच्या कार्यालयात पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. हे दिवस वाया घालवू नका. दप्तर पाहा, आकडे उतरवून घ्या आणि सेक्रेटरींना चार ओळींचे पत्र द्या की या बाबीवर मी सभेत प्रश्न विचारणार आहे. खजिनदारांशी बोलण्यासारखे संबंध असतील तर त्यांना एकदा भेटून तेच सांगा. काही जण म्हणतात की असे आधी सांगणे म्हणजे समोरच्याला सारवासारव करायला वेळ देणे होय. मला हा आक्षेप फारसा पटत नाही, कारण लेखापरीक्षण झालेले आकडे आठवड्याभरात बदलत नाहीत. उलट, आधी सांगितले असल्यामुळे ‘ऐनवेळी कागद कुठून आणू?’ ही सबब उरत नाही. कित्येकदा तर रंगकामाचा ठराव खरोखरच झालेला असतो, आपल्याच वाचनातून सुटलेला असतो, आणि मग सभेत तोंडघशी पडण्याची वेळ आपल्यावरच येणार असते. ज्या विषयावर भांडण होणार हे ठाऊक आहे तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमात घुसवणे मला अप्रामाणिक वाटते, मग ते काम समितीने केलेले असो वा सभासदाने. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर असा विषय काढूच नये. तेथे पन्नास जण वाचत असतात आणि कागद एकाच्याही हातात नसतो.

संबोधनाचा मुद्दा आपल्या सोसायट्यांत जरा नाजूक आहे. वर्षभर जिन्यात भेटलेल्या गृहस्थांना आपण ‘काका’ म्हणतो, त्यांच्या घरचा गणपती आपल्याही पाया पडण्याचा असतो. सभेत त्यांनाच ‘काका, तुमचा हिशेब चुकला’ असे म्हटले की नाते आणि पद एकमेकांत अडकतात. धाकट्याने थोरल्याला सर्वांदेखत चूक दाखवली, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. म्हणून सभा चालू असेपर्यंत अध्यक्षांना उद्देशून बोलावे आणि पदाधिकाऱ्यांचा उल्लेख पदाने करावा. आमच्याकडे सुरुवातीला काहींना हे नाटकी वाटले, विधानसभेची नक्कल वाटली. पण विधिमंडळांत ही पद्धत शोभेसाठी आलेली नाही. तिसऱ्या माणसाला उद्देशून बोलताना आवाज आपोआप खाली येतो आणि समोरच्यालाही लगेच उलट उत्तर देण्याची सक्ती वाटत नाही. सभा संपली की ते पुन्हा काका.

या बाबतीत मला संविधान सभेचे उदाहरण नेहमी द्यावेसे वाटते, कारण तेथे मतभेद किरकोळ नव्हते. 17 ऑक्टोबर 1949 रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी तिची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. पूर्णिमा बॅनर्जी यांनी, ईश्वराच्या विषयावर आम्हाला मतदान करण्याच्या संकटात टाकू नका, अशी विनंती कामतांना केली. हृदयनाथ कुंझरू यांनी तर या दुरुस्तीला स्पष्ट विरोध केला. विचार, श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या उद्देशिकेत सामूहिक मत कोणावर लादता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी मत घेतले आणि 41 विरुद्ध 68 अशा मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. कामतांनी माघार घेतली नाही, कुंझरूंनी भीड ठेवली नाही, आणि अध्यक्षांनी सौजन्याच्या नावाखाली विषय दाबूनही टाकला नाही. मसुद्यावर एकंदर सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या; ज्यांच्या मसुद्यावर हा मारा झाला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात कामत, कुंझरू, विदर्भाचे पंजाबराव देशमुख, के. टी. शाह अशा ‘बंडखोर’ सदस्यांची नावे घेऊन त्यांचे आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही, अशा आशयाचे ते बोलले. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की आभार मानताना त्यांनी मतभेद झाकला नाही. तुमचे म्हणणे मला मान्य नव्हते, हे त्याच श्वासात सांगितले. आपल्या सभांतले आभारप्रदर्शन याच्या नेमके उलट असते: भांडलेल्यांची नावे गाळून उरलेल्यांचे आभार.

सौजन्याचा दुरुपयोगही होतो, आणि तो फार होतो. ‘ही चर्चेची वेळ नाही’, ‘घरातले वाद चव्हाट्यावर नकोत’, ‘एवढ्या वयाच्या माणसाला असे विचारतात का’ ही वाक्ये बहुधा पदावर बसलेल्यांच्या सोयीची असतात. एखाद्या सभासद बाईंनी हिशेब विचारला की ‘ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो’ असे हसतहसत सांगणारे पदाधिकारी मी पाहिले आहेत. वरवर पाहता तेथे आवाज चढलेला नसतो, पण याहून मोठा अनादर सभेत दुसरा होत नसेल. अशा वेळी ज्याला बोलण्याची सवय आहे त्याने मध्ये पडून स्वतः भाषण करू नये. ‘अध्यक्षमहोदय, बाईंचा प्रश्न अजून बाकी आहे’ एवढे म्हणून खाली बसावे.

आणि काही विषयांत मृदूपणा ठेवूच नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ढकलले जात असेल, खालच्या मजल्याच्या तुळईचे लोखंड उघडे पडले असेल, तर कोणाला वाईट वाटेल हा विचार करण्याची ती जागा नव्हे. तेथे आधी भेटावे, समजावावे ही पायरी एकदाच करावी. मग लेखी द्यावे, तारीख मागावी, आणि तारीख मिळाली नाही तर महापालिकेला कळवणार असल्याचे त्याच सभेत सांगावे. पैशाच्या अपहाराचा सबळ संशय असेल तर संबंधित व्यक्तीला खाजगीत गाठण्यापेक्षा लेखापरीक्षक आणि सहकार खात्याचे उपनिबंधक यांच्याकडे लेखी जावे. पुरावा हाती येईपर्यंत सभेत तो शब्द उच्चारू नये, कारण तो एकदा उच्चारला की परत घेता येत नाही.

तुमच्या सभेत एवढे करूनही ठराव तुमच्या मताविरुद्ध मंजूर होण्याची शक्यता आहे. बहुसंख्य सभासद अनेकदा आकड्यांपेक्षा ओळखीवर मत देतात. तसे झाले तर आपला विरोध नावासह आणि एका ओळीच्या कारणासह इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करा, मसुदा हाती आला की ती नोंद आहे का ते तपासा, आणि ठरलेली वर्गणी मात्र मुदतीत भरा. थकबाकीदाराचा विरोध कितीही योग्य असला तरी पुढच्या सभेत तो कोणी ऐकून घेत नाही.