बॅरी सँडर्सचे २,६२८ यार्ड

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो आणि तिथल्या कॉलेज फुटबॉलचे सामने आवडीने पाहतो. २०२४ च्या हंगामात बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी हा एका हंगामात चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड धावण्याच्या बॅरी सँडर्सच्या विक्रमापासून अवघे २७ यार्ड मागे राहिला, असे त्याने सांगितले. मात्र सँडर्सचा आकडा कुठे २,६२८, तर कुठे २,८५० असा वाचायला मिळतो. यांतला खरा कोणता? आणि हा खेळाडू ऐन भरात निवृत्त का झाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आकडे दोन्ही खरे आहेत, अधिकृत मात्र पहिलाच. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळताना सँडर्सने १९८८ च्या नियमित हंगामातील ११ सामन्यांत चेंडू घेऊन धावत २,६२८ यार्ड मिळवले. त्यानंतर सॅन डिएगोच्या हॉलिडे बोल या (नियमित हंगाम संपल्यावर होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांपैकी एका) सामन्यात त्याने वायोमिंगविरुद्ध आणखी २२२ यार्डांची भर घातली, परंतु त्या काळी एनसीएए ही नियामक संस्था बोल सामन्यांतील कामगिरी हंगामाच्या हिशेबात धरत नसे. २००२ पासून ती धरली जाऊ लागली, पण जुन्या नोंदी तशाच ठेवण्यात आल्या. जेंटीचे २,६०१ यार्ड १४ सामन्यांतले असून त्यांत पेन स्टेटविरुद्धचा फिएस्टा बोलही मोजलेला आहे. २७ यार्ड म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून जेमतेम पाच यार्ड जास्त, त्यामुळे विक्रम थोडक्यात वाचला असे वाटणे साहजिक आहे. पण सामन्यागणिक सरासरी काढली तर सँडर्सची २३९ च्या घरात जाते आणि जेंटीची १८६ च्या. जेंटीचा हंगाम असामान्यच होता, तरीही आमच्या मते ही दोन नावे एका ओळीत लिहिताना सामन्यांची संख्या सोडून देणे योग्य नाही.

सँडर्ससारखा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, क्वार्टरबॅककडून (आक्रमणाचे सूत्रधार असलेल्या खेळाडूकडून) चेंडू घेतो आणि समोरच्या धिप्पाड बचावपटूंच्या भिंतीत फट शोधत पुढे सरकतो. संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड गाठायचे असल्याने एका धावेत चार यार्ड मिळाले तरी काम झाले असे मानतात. सँडर्सने त्या हंगामात ३४४ वेळा चेंडू नेला आणि दर वेळी सरासरी साडेसात यार्डांहून अधिक मिळवले. पाच फूट आठ इंच उंचीचा हा गडी धावता धावता जागच्या जागी थबकायचा आणि अंगावर झेपावलेला प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला की दुसऱ्याच दिशेने सुटायचा. विशेष म्हणजे आधीची दोन वर्षे तो थर्मन थॉमस या तितक्याच नामवंत खेळाडूच्या मागे राखीव होता, त्यामुळे मुख्य रनिंग बॅक म्हणून त्याला मिळालेला हा पहिलाच हंगाम होता, आणि कॉलेजातला शेवटचाही. हाइस्मन करंडक (कॉलेज फुटबॉलमधील वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्याला जाहीर झाला तेव्हा संघ टेक्सस टेकविरुद्धच्या सामन्यासाठी टोकियोत होता. तिथे त्याने ३३२ यार्ड धावून काढले.

आता निवृत्तीविषयी. १९८९ पासून एनएफएल या व्यावसायिक लीगमधील डेट्रॉइट लायन्स संघाकडून १० हंगाम खेळून त्याने १५,२६९ यार्ड मिळवले होते. वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा कारकिर्दीतला विक्रम १,४५७ यार्डांवर आला होता आणि १९९८ च्या एका हंगामातच सँडर्स १,४९१ यार्ड धावला होता. तरीही १९९९ च्या जुलैमध्ये, सराव शिबिर तोंडावर असताना, त्याने विचिटा या आपल्या गावच्या वृत्तपत्राकडे फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. संघ जिंकण्यासाठी झटत आहे यावरचा आपला विश्वास उडाला होता, असे कारण त्याने पुढे दिले. त्या दहा वर्षांत लायन्सने बाद फेरीचा एकच सामना जिंकला होता, हे पाहता ते पटण्याजोगे आहे. आकड्यासाठी आणखी एक वर्ष काढणे त्याच्या स्वभावातही नव्हते. टचडाउन झाल्यावर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेऊन गुण मिळवल्यावर, तो नाचत नसे, चेंडू निमूटपणे पंचांच्या हाती देत असे. १९८९ च्या अखेरच्या सामन्यात, पदार्पणाच्याच हंगामात, लीगमध्ये त्या हंगामातील सर्वाधिक यार्ड धावण्याचा मान त्याच्यापासून १० यार्डांवर होता. विजय हाती आलेला असल्याने तो बाजूला बसला होता. पुन्हा मैदानात जातोस का, असे प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी विचारल्यावर त्याने नकार दिला, आणि तो मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेकडे गेला.