गावातले दोन फुटबॉल क्लब एक करावेत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सात वर्षं आयर्लंडमध्ये आहोत, मी नर्स आहे, मिस्टर फार्मा कंपनीत. गावाचं नाव छापू नका प्लीज, छोटं आहे, लगेच कळेल. इथे गेलिक फुटबॉलचे दोन क्लब आहेत आणि आमचा मुलगा त्यातल्या लहान क्लबमध्ये खेळतो. मागच्या महिन्यात तेरा वर्षांखालच्या मॅचला आमच्याकडे नऊच मुलं आली, मॅच सोडून द्यावी लागली, मुलगा गाडीत बसून रडला. दुसऱ्या क्लबकडे त्याच वयाची चौतीस मुलं आहेत आणि त्यातली अर्धी बाहेर उभी असतात! आता दोन्ही क्लब मर्ज करायचे का यावर मीटिंग आहे. म्हातारी माणसं फार भावुक झालीयेत. आम्ही बाहेरचे, आम्ही बोलावं का? आणि मर्ज व्हावं की नाही, तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : आधी बाहेरच्यांचं बोलते. तुम्ही बाहेरचे नाही. दर शनिवारी चिखलात उभं राहून दुसऱ्यांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधणारी बाई बाहेरची कशी? फक्त मेंबरशिप कुठली आहे ते बघून घ्या, मुलाच्या नावाची युथ मेंबरशिप मतदानाला चालत नाही, तुमच्या स्वतःच्या नावाची पूर्ण मेंबरशिप हवी आणि फी भरलेली हवी. ती असेल तर हात वर करा आणि बोला.

आता मर्जचं. माझं मत स्पष्ट सांगते, क्लब मर्ज करू नका, मुलांच्या टीम जोडा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मीटिंगमध्ये नेहमी एकच समजल्या जातात, म्हणून भांडणं होतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जीएए म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (काठीने बॉल मारायचा खेळ) हे आयरिश खेळ चालवणारी संघटना, 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात सुरू झाली. खेळाडूंना पगार नाही, अगदी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर 82 हजार लोकांसमोर खेळणारा मुलगासुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा ऑफिसला जातो. क्लब चालतो तो गावाच्या जोरावर, आठवड्याच्या लोट्टोवर आणि फुकट राबणाऱ्या आईबापांवर. आणि क्लब म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्चचा पॅरिश, तुम्ही जिथे वाढलात तो तुमचा क्लब, मरेपर्यंत. आपल्याकडे आळीच्या मंडळावर माणसं जसा जीव टाकतात ना, तसंच. त्यामुळे म्हातारी माणसं भावुक झाली तर त्यांना नावं ठेवू नका, त्यांच्या वडिलांनी त्या मैदानावरचे दगड हातांनी वेचलेले असतात.

मर्जच्या बाजूने लोक नेस गावाचं उदाहरण देतात. डब्लिनजवळ आहे, 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 26 हजारांच्या पुढे, आणि गावात एकच मोठा क्लब. बरं, मग केरी काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ट्रली बघा. लोकसंख्या जवळजवळ तेवढीच, आणि गावातच ऑस्टिन स्टॅक्स, केरिन्स ओराहिलीज, जॉन मिचेल्स, ना गेल असे चार क्लब, एकेक आपापल्या रस्त्याचा. तिथेही कमी क्लब असावेत असं म्हणणारे आहेतच. पण 2021 ची काउंटी फायनल स्टॅक्स विरुद्ध ओराहिलीज झाली, एकाच गावातले दोन क्लब, स्टॅक्स जिंकले, आणि पुढच्याच वर्षी ओराहिलीजनी मन्स्टर प्रांताचा कप आणला. क्लब एकच असता तर त्या दोन टीममधल्या तीस पोरांपैकी पंधरा बाहेर बसली असती. सीनियर टीम एकच असते आणि त्यात मैदानावर पंधराच जण मावतात, हे गणित मर्जच्या उत्साहात कुणी मांडतच नाही.

केरीची अजून एक पद्धत मला फार आवडते. तिथले छोटे क्लब आपलं नाव, आपली जर्सी ठेवतात, पण काउंटीच्या मोठ्या स्पर्धेसाठी आसपासच्या क्लबांचे खेळाडू एकत्र येऊन एक डिव्हिजनल टीम उतरवतात. डेव्हिड क्लिफर्ड, आजचा सगळ्यात मोठा खेळाडू म्हणा हवं तर, त्याचा क्लब फोसा, किलार्नीच्या बाजूचं छोटंसं ठिकाण. मोठ्या स्पर्धेत तो ईस्ट केरीकडून खेळतो, आणि फोसाकडून खेळून 2023 च्या जानेवारीत त्याने ज्युनियरची, म्हणजे खालच्या श्रेणीच्या क्लबांची, ऑल-आयर्लंड स्पर्धासुद्धा जिंकली. म्हणजे एकत्र यायला क्लब पुसायलाच हवा असं नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. टायरोन काउंटीत बॅलीगॉली आणि ग्लेनकल, एकाच पॅरिशमधली माणसं, 80 च्या दशकात त्यांचं असं फाटलं की ग्लेनकलवाल्यांनी वेगळी टीम काढली आणि जीएएने ती मान्यच केली नाही. पुढे मोठा फुटबॉलपटू झालेला पीटर कॅनव्हन तिथलाच मुलगा. त्याला खेळायला मान्यताप्राप्त क्लबच नव्हता, म्हणून काउंटीकडून फुटबॉल खेळता यावं यासाठी त्याचं नाव दुसऱ्याच क्लबात हर्लिंगचा खेळाडू म्हणून नोंदवावं लागलं! 1990 मध्ये दोन्ही बाजू शेवटी एका क्लबात आल्या, पण कुणाचंही जुनं नाव न घेता, पॅरिशचं नाव घेतलं, एरिगल किरन. तीन वर्षांत, 1993 ला, ते अल्स्टर प्रांताचे चॅम्पियन. 2003 मध्ये टायरोनने पहिल्यांदा सॅम मॅग्वायर कप, म्हणजे काउंटींची ऑल-आयर्लंड फुटबॉल स्पर्धा, जिंकली तेव्हा कॅप्टन हाच कॅनव्हन होता. म्हणून मर्ज कधीच नको असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावावर ती वेळ आली, मोठ्यांचीच टीम उभी राहीना, तर नाव दोघांचंही नको, नवीन घ्या, किंवा स्लायगोतल्या कूलेरा-स्ट्रँडहिलसारखी दोन्ही नावं जोडा. त्यांनी 2024 ला कॉनॉट प्रांताची स्पर्धा जिंकली त्या जोडनावानेच.

आता माझा स्वतःचा अनुभव, कारण त्यामुळेच मी एवढं ठाम बोलतेय. आमच्याकडे मुलांच्या टीम जोडल्या तेव्हा मीटिंगमध्ये दीड तास मोज्यांच्या रंगावर गेला. जर्सी एकाची, चड्डी दुसऱ्याची, मग मोजे कुणाचे. प्रॅक्टिस कुठल्या मैदानावर, हे मात्र शेवटच्या पाच मिनिटांत ठरलं, दुसऱ्या क्लबच्या, कारण तिथे लाइट्स चांगले होते. हजेरीची वही माझ्याकडे होती. आमचं मैदान घरकुलांच्या कॉलनीला लागून, पोरं हातात गमशील्ड (दातांवर लावायचं कव्हर) घेऊन चालत यायची. नवीन मैदान सहा किलोमीटर. पहिल्या आठवड्यात सगळे आले, दुसऱ्याला एक कमी, महिन्याभरात वहीत चार नावांपुढे नुसते रिकामे चौकोन. चौघांच्याही घरी गाडी नव्हती, किंवा असली तरी आई संध्याकाळच्या शिफ्टला. कुणी तक्रार केली नाही, भांडलं नाही, नुसतं यायचं बंद झालं. टीमचे आकडे छान दिसत होते म्हणून कमिटीला ते कळलंसुद्धा नाही. मला कळलं, आणि मी उशिरा बोलले, त्याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हा मीटिंगला जाताना दोन्ही क्लबांची वयानुसार यादी मागा, नुसती एकूण संख्या नको, कुठल्या वर्षी जन्मलेली किती मुलं ते. बाराच्या आतल्यांना जोडायची गरज बहुतेक नसते, त्यांचं मैदान छोटं, टीम छोटी, आणि प्रत्येकाला खेळायला मिळालंच पाहिजे असा कटाक्ष असतो. अडचण तेरापासून वर. तिथे दोन वर्षांसाठी एकत्र टीम, काउंटी बोर्डाची परवानगी घेऊन, लिहून ठेवा. एक आठवडा या मैदानावर, एक त्या. आणि गाडी नसलेल्या मुलांना कोण आणणार त्याची नावं त्याच मीटिंगमध्ये, मोज्यांच्या आधी.

तुमच्या मुलाला सांगा, पुढच्या मॅचला पंधरा असतील.

प्रश्न : आमच्याकडे मर्ज जवळजवळ ठरलंय. माझी मुलगी लेडीज फुटबॉल खेळते, तिच्या टीमचं आपोआप होईल ना? – एक बाबा, लीन्स्टर

उत्तर : नाही हो दादा, आपोआप काहीच होत नाही. लेडीज फुटबॉलची संघटना वेगळी आहे, 1974 पासूनची, आणि कमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची, त्याहून जुनी, 1904 ची. जीएए धरून तिन्ही संघटना 2027 पर्यंत एक करायचं ठरलंय, पण तोवर मुलींचा क्लब कागदोपत्री वेगळा असू शकतो, मैदान मात्र पुरुषांच्या क्लबच्या नावावर. मर्जनंतर दोन क्लबांच्या टीम एकाच मैदानावर आल्या की सगळ्यात आधी मुलींचाच स्लॉट हातचा जातो, हे मी बघितलंय. ठरावावर सह्या व्हायच्या आधी मुलींच्या प्रॅक्टिसचा वार आणि वेळ त्यात लिहून घ्या, लाइट्ससकट.