वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरचा ब्लोअर घेताना

प्रश्न : पालापाचोळा साफ करायला बॅटरीवरचा ब्लोअर घ्यायचा आहे. दोन यंत्रांवर गाडी अडली आहे. एकाच्या खोक्यावर 350 सीएफएम आणि ताशी 150 मैल असे छापले आहे, दुसऱ्याच्या खोक्यावर 500 सीएफएम आणि ताशी 110 मैल. जोर कोणात जास्त?

उत्तर : बहुधा दुसऱ्यात, आणि फरक थोडाथोडका नसेल. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते ते. मैलांचा आकडा त्या हवेचा वेग सांगतो. पाचोळ्याला ढकलणारा जोर या दोन्हींच्या गुणाकारातून येतो आणि तो न्यूटनमध्ये मोजतात. घरच्या घरी काढायचा हिशेब सोपा आहे : सीएफएम गुणिले ताशी मैल, भागिले 4000. पहिल्याचे उत्तर 13 न्यूटन येते, दुसऱ्याचे पावणेचौदा. कागदावर दोघे बरोबरीचे.

खरी गोम पुढेच आहे. हे दोन आकडे पुष्कळदा एका स्थितीत मोजलेले नसतात. हवेचे प्रमाण मोजताना नळीचे तोंड मोकळे असते, वेग मोजताना पुढे अरुंद तोंड बसवलेले असते. म्हणून दुकानात जाताना खिशात पट्टी ठेवा. तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा. सीएफएमला 13.4 ने गुणा आणि व्यासाच्या वर्गाने भागा. तेवढी हवा त्या तोंडातून जाताना तिचा वेग ताशी किती मैल असेल, ते लगेच कळते. पहिल्याचे तोंड 8 सेंटिमीटरचे निघाले, तर 350 × 13.4 ÷ 64, म्हणजे ताशी 73 मैल. छापलेल्या 150 च्या निम्मेही नाही, आणि खरा जोर जेमतेम 6.4 न्यूटन. दुसऱ्याचे तोंड 9 सेंटिमीटरचे असेल, तर वेग ताशी 83 मैल आणि जोर 10.4 न्यूटन. खोक्यावर कोणी खोटे छापलेले नाही, फक्त दोन वेगळ्या मोजण्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

काही कंपन्या न्यूटनचा आकडा स्वतःच देतात. तो मिळाला तर मैलांकडे ढुंकूनही पाहू नका. आकडे मेट्रिक असतील, तर ताशी घनमीटरला 1.7 ने भागले की सीएफएम मिळतात.

किती जोर पुरतो? फरसबंद अंगण आणि कोरडी पाने असतील तर 8 ते 10 न्यूटन. हिरवळीत गुंतलेली पाने किंवा भिजून बसलेला थर रोजचा असेल, तर 15 च्या पुढचे यंत्र बघा. त्याहून मोठे घेतले की वजन वाढते, बॅटरी महागते, आणि कुंडीतली मातीही पाचोळ्याबरोबर चालू लागते.

प्रश्न : 18, 20, 36, 40, 56 व्होल्ट अशी रांगच आहे. जितके व्होल्ट जास्त तितके चांगले, असे धरायचे का?

उत्तर : आधी रांग थोडी आखडू. 18 आणि 20 व्होल्ट ही पुष्कळदा एकच बॅटरी असते. आत पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. दर सेलचे सरासरी 3.6 व्होल्ट धरले की 18 होतात आणि नुकत्याच भरलेल्या सेलचे चार-सव्वाचार धरले की 20 ते 21. ‘20 व्होल्ट मॅक्स’ हे त्यातले दुसरे गणित. 36 आणि 40 चेही तसेच, फक्त सेल दहा.

यंत्र किती वेळ चालेल हे व्होल्ट सांगत नाहीत. ते वॅट-तास सांगतात : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 90 वॅट-तास ऊर्जा असते. ब्लोअर हे भारी खादाड यंत्र आहे. मध्यम आकाराचा ब्लोअर पूर्ण जोरात 600 वॅट सहज ओढतो. 90 ला 600 ने भागा : नऊ मिनिटे. खोक्यावरचा ‘60 मिनिटांपर्यंत’ हा दावा सर्वांत हळू वेगावरचा असतो आणि त्या वेगावर पाने नुसती कूस बदलतात.

यात एक दिलासा आहे. पंख्याचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात घटते, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाने घटते. वेग 70 टक्क्यांवर आणला की शक्ती साधारण 34 टक्केच लागते, म्हणजे तीच बॅटरी जवळपास तिप्पट वेळ चालते. त्यामुळे बोटाच्या दाबाबरोबर वेग कमीजास्त होणारा ट्रिगर असलेले यंत्रच घ्या. नुसते चालू-बंद बटण असलेले स्वस्तातले यंत्र बॅटरीच्या खर्चात ते पैसे वसूल करते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जास्त व्होल्टचा खरा फायदा विजेच्या प्रवाहात दिसतो. 600 वॅटसाठी 18 व्होल्टच्या बॅटरीला 33 अँपिअर द्यावे लागतात, 36 व्होल्टच्या बॅटरीला त्याच्या निम्मे. प्रवाह कमी तर तारा, जोड आणि सेल कमी तापतात. रोज दहा-पंधरा मिनिटांचे काम असेल आणि 18 व्होल्टची ड्रिल, करवत घरात आधीपासून असेल, तर त्याच कुटुंबातला ब्लोअर घ्या, फक्त बॅटरी 4 किंवा 5 अँपिअर-तासांची लावा. सलग अर्धा तास काम असेल तर 36 च्या पुढे.

प्रश्न : यंत्राबरोबर 2 अँपिअर-तासांची बॅटरी आली. पूर्ण जोरात तीन-चार मिनिटे चालते, मग ब्लोअर बंद पडतो आणि बॅटरीवरचे दिवे लुकलुकतात. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. यंत्र सदोष आहे का?

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे, बॅटरी त्याच्या मानाने लहान आहे. 2 अँपिअर-तासांच्या 18 व्होल्टच्या बॅटरीत साधारणपणे पाचच सेल असतात, त्यामुळे 33 अँपिअरचा सगळा भार प्रत्येक सेलमधून जातो. 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत बहुधा दहा सेल असतात, दोन-दोनच्या जोड्यांत, आणि भार निम्मा वाटला जातो. लहान बॅटरीचे व्होल्ट भाराखाली पडतात, सेल तापतात आणि आतले संरक्षण पुरवठा तोडते. गार झाली की पुन्हा चालते, हीच त्याची खूण.

तरी दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. मागची किंवा बाजूची हवा आत घेणारी जाळी पाहा. तिला एखादे मोठे पान चिकटले की मोटर आणि तिच्यामागचे सर्किट, दोन्हींना गार हवा कमी मिळते. काम करताना पँटचा पाय किंवा सैल शर्टही जाळीवर ओढला जातो आणि आवाज एकाएकी तीव्र होतो. बॅटरी काढून तिचे पितळी संपर्क बघा. काळपट असतील तर कोरड्या कापडाने पुसा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो. शेवटी मोठी बॅटरी कोणाकडून तरी तासाभरासाठी आणून चालवून पाहा. तीही बंद पडली, तर मात्र दोष यंत्रात आहे, वॉरंटीत द्या.

ब्लोअर बंद पडत नाही पण थरथरतो, अशी तक्रार असेल तर बॅटरी काढा आणि जाळीतून पंखा पाहा. एखाद्या पात्याचा टवका उडालेला असतो. तसाच चालवला तर बेअरिंग जाते.

प्रश्न : पावसानंतर फरशीला चिकटलेली पाने काही केल्या निघत नाहीत. चूक यंत्रात की हातात?

उत्तर : थोडी वेळेत, थोडी हातात. ओले पान सपाट पडले की पान आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. वरून मारलेली हवा त्या पानाला आणखी दाबून बसवते. हवा कडेखालून शिरली तरच ते उचलले जाते. म्हणून चपटे तोंड लावा, ते जमिनीपासून चार बोटांवर आणा आणि जमिनीशी जवळपास समांतर धरा. मग हात खराटा मारल्यासारखा डावीउजवीकडे हलवत चला. आधी थराची कड सुटते, कड वळली की मागची पाने गुंडाळीसारखी उलटत येतात. थराच्या मध्यावर तोंड रोखून उभे राहिलात तर तिथे एक वाटोळे भोक पडेल आणि बाकीचा थर जागचा हलणार नाही.

शक्य असेल तर दोन तास थांबा. वरचा थर सुकला की निम्म्या जोरात काम होते. फरशीत रुतून बसलेली कुजकी पाने हवेने निघत नाहीत, त्यांना खराटाच हवा.

कोरड्या पाचोळ्यासाठी क्रम उलटा नको : भिंतीकडून आणि कोपऱ्यांतून सुरुवात, वारा पाठीशी, पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवत. एका बाजूला ताडपत्री अंथरा, तिची अलीकडची कड विटेने दाबा आणि ढीग तिच्यावर ढकला. ढीग मोठा होऊ देऊ नका. गुडघ्याएवढा झाला की हवा त्याला आदळून मागे फिरते आणि अर्धी पाने तुमच्याच अंगावर येतात.

प्रश्न : खडीच्या वाटेवरची पाने उडवताना खडीही उडते.

उत्तर : चपटे तोंड काढा, गोल लावा. तोंड गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि वेग निम्म्याहून कमी ठेवा. पान हलके आणि पसरट असल्यामुळे मंद हवेतही हलते, खडा जागीच राहतो. पाने खडीच्या आत गेली असतील तर आधी दाताळ्याने वर काढा. माणसे, गाड्या आणि काचा यांच्या दिशेने तोंड करू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि साधा नव्हे, बाजूनेही झाकणारा.

प्रश्न : हवा फेकणारे आणि ओढून पिशवीत भरणारे, असे दोन्ही करणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : आमचे मत : पाने थोडी आणि कोरडी असतील तरच. ओढण्याच्या कामाला गोगलगायीच्या शंखासारख्या घरातला पंखा लागतो, तो दाब चांगला देतो. हल्लीचे जोरदार ब्लोअर नळीच्या रेषेतच बसवलेल्या पंख्याचे असतात. त्यांची हवा भरपूर, दाब कमी, त्यामुळे ते ओढण्याच्या कामी येत नाहीत. शिवाय पाने थेट पंख्यातून जाणार म्हणजे एखादी काडी किंवा खडाही जाणार. ओल्या पानांचा तर आत लगदा होतो. पिशवी भरत आली की खांदा वेगळाच दुखतो.

प्रश्न : वजन किती असावे?

उत्तर : हातात धरायच्या यंत्राचे बॅटरीसह तीन किलोच्या आसपास. पण आकड्यापेक्षा तोल बघा. बॅटरी लावा, मूठ सैल धरा आणि हात खाली सोडा. नळीचे टोक आपोआप किंचित जमिनीकडे झुकले तर उत्तम. टोक वर उचलले जात असेल तर ते खाली दाबून धरण्यात मनगटाचा जीव जाईल. पुष्कळ दुकानांत यंत्र बॅटरीशिवाय मांडलेले असते, तसे उचलून काहीच कळत नाही.

आवाजाचा प्रश्न काहींनी वेगळा विचारला आहे. बॅटरीचा ब्लोअर पेट्रोलच्या ब्लोअरपेक्षा शांत खरा, तरी चालवणाऱ्याच्या कानाशी तो 85 ते 95 डेसिबल असू शकतो. 85 ला आठ तास चालतात आणि दर 3 डेसिबलमागे वेळ निम्मी होते, असा कामगार आरोग्यातला एक नियम आहे. म्हणजे 94 ला एकच तास. कानावर मफ लावा. खोक्यावर 60-65 दिसले तर ते 50 फुटांवरून मोजलेले असू शकते, तुमच्या कानाशी नव्हे.

प्रश्न : वर्षातून तीनच महिने वापर होतो. बॅटरी बाकीचे महिने कशी ठेवायची? आणि दुसऱ्या कंपनीची बॅटरी अॅडॉप्टर लावून वापरली तर?

उत्तर : अर्धी भरलेली, यंत्रातून काढलेली, कोरड्या आणि गार जागी. पूर्ण भरून उष्ण कोठीत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. पूर्ण रिकामी ठेवलेली त्याहून वाईट : सेल हळूहळू आपोआप उतरत जातात, अडीच व्होल्टच्या खाली गेले की चार्जर त्यांना हात लावायला नकार देतो. दोन-तीन महिन्यांनी बटण दाबून दिवे बघत जा. कामानंतर बॅटरी गरम असताना लगेच चार्जरवर लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी तर भरूच नका.

अॅडॉप्टर ब्लोअरला नकोच. बॅटरी आणि यंत्र यांच्यात दोन जाड संपर्कांखेरीज बारीक संपर्कही असतात, तापमानाची खबर त्यांतून जाते. स्वस्त अॅडॉप्टर पुष्कळदा फक्त जाड संपर्क जोडतात. काही कंपन्या बॅटरी रिकामी झाल्यावर थांबवण्याची व्यवस्था बॅटरीत न ठेवता यंत्रात ठेवतात. अशी बॅटरी परक्या यंत्राला जोडली की ती पार तळापर्यंत ओढली जाते, आणि मग तिच्या स्वतःच्या चार्जरवरही भरत नाही. टॉर्चला किंवा छोट्या पंख्याला असा अॅडॉप्टर एक वेळ चालेल, 33 अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला नाही.