वाचकांचे प्रश्न : नेकचंद यांचं रॉक गार्डन

प्रश्न : सिमल्याला जाताना आम्ही चंदीगडचं रॉक गार्डन बघितलं. गाईड म्हणाला की एका साध्या सरकारी नोकरानं हे रात्री लपूनछपून बनवलं आणि अठरा वर्षं कोणाला पत्ताच नव्हता. हे काही मला पटलं नाही. आणि फुटक्या बांगड्या, कपबशांच्या बाहुल्यांना कला म्हणायचं की नुसतं टाकाऊतून टिकाऊ? घरात यावरून वाद चालूय, तुम्हीच सांगा. – एक गृहिणी, मिरज

उत्तर : ताई, गाईड खोटं नाही बोलला. तो माणूस म्हणजे नेकचंद सैनी, जन्म १९२४ चा, शकरगढ तालुक्यातल्या एका खेड्यात, जो भाग आता पाकिस्तानात आहे. फाळणीत गाव सुटलं आणि १९५१ मध्ये चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टरची नोकरी लागली. तेव्हा ल कॉर्बुझिए या परदेशी वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून नवं शहर उभं राहत होतं आणि त्यासाठी जी जुनी गावं उठवली त्यांचा राडारोडा जिथंतिथं पडलेला, म्हणजे विटा, फरशा, फुटकी भांडी, तुटलेले संडास-बेसिन सगळं. तो माल हे सायकलवर लादून आणायचे. शिवालिक डोंगररांगांच्या पायथ्याच्या नदीनाल्यांतले माणसासारखे, पक्ष्यासारखे दिसणारे दगडही आणायचे, खरं तर नाद लागला तो दगडांचाच, पुतळे नंतर आले.

आता कळलं कसं नाही, तर जागा निवडली होती सुखना तलावाजवळच्या जंगलातली एक घळ, आणि ती जमीन राखीव, तिथं बांधकामालाच बंदी, त्यामुळे तिकडे कोण कशाला फिरकतंय. ड्युटी संपली की आणि रात्री काम चालायचं. अगदी जवळची मोजकी माणसं सोडली तर कोणाला माहीत नव्हतं. सत्तरच्या दशकात सरकारी लोकांच्या नजरेला पडलं तेव्हा बारा-तेरा एकरांत अंगणं, वाटा, शेकडो पुतळे तयार होते. कायद्यानं बघितलं तर सगळं बेकायदेशीर, एका दिवसात जमीनदोस्त झालं असतं. पण शहरातल्या काही जाणत्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि बाजू घेतली, १९७६ मध्ये बाग लोकांसाठी उघडली, नेकचंदना त्याच कामाचा पगार आणि हाताखाली पन्नास माणसं मिळाली. १९८४ ला पद्मश्री. मला तर या गोष्टीत लपवाछपवीपेक्षा हाच भाग मोठा वाटतो, की फाईलवर शेरा मारायच्या आधी कोणीतरी तिथं जाऊन उभं राहिलं.

आता कलेचं. ताई, पुन्हा गेलात किंवा फोटो काढले असतील तर त्या बांगड्यांच्या बायका जरा जवळून बघा. काचेचे बाकदार तुकडे ओल्या सिमेंटमध्ये एकाला लागून एक खोचलेत, एका बाईचा घागरा सगळा लाल, शेजारणीचा हिरवा, आणि चेहरे मात्र साधे, डोळे-नाक जेमतेम. एकच बाहुली उचलून घरी आणून ठेवली तर तुमच्या घरातल्यांना ती शाळेतली हस्तकला वाटेल, मान्य. पण तिथं त्या एकट्या नसतातच, रांगाच्या रांगा उभ्या आहेत, बायका, गडी, माकडं, पक्षी, सगळे समोर तोंड करून, आणि आपण एका बुटक्या दारातून वाकून आत जातो तो एकदम अख्खं गाव आपल्याकडे बघत असतं. गाव सुटलेल्या माणसानं हे गाव वसवलंय असं मला वाटतं. रांग कुठं थांबवायची, दार किती बुटकं ठेवायचं, वळण कुठं घ्यायचं हे सगळं त्यांनी ठरवलेलं आहे, कुठल्या कला महाविद्यालयात न जाता, आणि म्हणून मी तरी याला बिनदिक्कत कला म्हणते. टाकाऊतून टिकाऊ म्हटलं की आपण फक्त माल कुठला ते बघतो, तो कसा लावला हे बघायचं राहून जातं.

प्रश्न : आता नेकचंद नाहीत तर ही बाग टिकेल का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ते २०१५ मध्ये गेले, नव्वदीत. बाग आज चाळीसेक एकरांची आहे आणि चालू आहे. पण धोका आधीही होताच. १९८९-९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा लोकांनी साखळी करून अडवले, आणि १९९६ मध्ये नेकचंद परदेशात असताना पुतळ्यांची मोडतोड झाली. उघड्यावरच्या सिमेंटला सारखी डागडुजी लागते, तुकडे गळतात, भेगा पडतात, आणि ते काम रोज करणारे हात पाहिजेत. नुसतं तिकीट विकून ते होत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात मुलांकडून असे पुतळे करून घ्यायचेत, भंगार भरपूर जमलंय. सुरुवात कशी करू? – एक शिक्षिका, जळगाव जिल्हा

उत्तर : बाई, फार छान. नेकचंदांची पद्धत साधीच होती. सायकलचे जुने सुटे भाग नाहीतर सळ्यांचा सांगाडा, त्यावर वाळू-सिमेंटचा थर, आणि शेवटच्या ओल्या थरात बांगड्या, कपबशांचे तुकडे दाबायचे. पण मुलं आहेत म्हणून दोन-तीन गोष्टी आवर्जून. काच फोडायचं काम मोठ्यांनीच करायचं, गोणपाटात गुंडाळून, चष्मा घालून, आणि मुलांना शक्यतो चिनीमातीचे आणि फरशीचे कडा घासलेले तुकडे द्यायचे, हातमोजे घालून. ओलं सिमेंट उघड्या हातानं मळू देऊ नका, कातडी सोलते. सांगाड्याचा गंज ब्रशनं खरवडून काढा आणि लोखंड कुठंच उघडं राहू देऊ नका, पावसाचं पाणी आत शिरलं की गंज फुगतो आणि दोन पावसाळ्यांत पुतळा तडकतो. तुमच्याकडचं ऊन बघता मे महिन्यात करूच नका, दिवाळीनंतर घ्या, आणि झाल्यावर निदान सात दिवस ओलं गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. पहिला पुतळा गुडघ्याएवढाच करा, एखादं बसलेलं कुत्रं किंवा कोंबडी, बूड जड असलं की मुलं टेकली तरी कलंडत नाही.