आजोबांची आगगाडी : पॉलिश करू की विकू?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जुन्या पेपरात गुंडाळलेला खेळण्यातला ट्रेनसेट सापडला. हॉर्नबी डब्लो या जुन्या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांच्या मालिकेतला आहे, जड इंजिन, पत्र्याचे डबे, तीन पट्ट्यांचे रूळ, एक काळा ट्रान्सफॉर्मर आणि फाटका खोका. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, एल.एन.ई.आर. हे जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीचं नाव लिहिलंय. इंजिन घासून चकाचक करावं म्हणते. भाऊ म्हणतो प्लगला लावून बघू, चालली तर लाखात जाईल. खरंच?

उत्तर : आधी भावाच्या हातातून तो प्लग काढून घ्या. इतक्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीवरचं रबर आतून खडखडीत झालेलं असतं, वाकवलं की तुकडे पडतात आणि उघडी तार बाहेर. तो फक्त सेटसोबत ठेवायचा, वापरायचा नाही. डब्लोला 12 व्होल्ट डीसी लागतं, आजचा मॉडेल ट्रेनचा साधा डीसी कंट्रोलर चालतो. पण मार्कलिन या जर्मन खेळणी कंपनीचा जुना ट्रान्सफॉर्मर कुणी देऊ केला तर नको, तो एसी देतो, गाडी हलणार नाही आणि मोटर मात्र तापेल.

गाडी चालवायच्या आधी जुनं तेल काढा, इतक्या वर्षांत त्याचा डिंक झालेला असतो, मग आसांवर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरे. उत्साहाच्या भरात मोटर उघडून मधला फिरणारा भाग बाहेर काढू नका, जुनं लोहचुंबक त्यानेच कमजोर होतं. रूळ तारेच्या घासणीने तर अजिबात घासू नका, तिचे बारीक कण थेट मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

आता चकाचक. नको हो! पत्र्यावरचं छापील चित्र स्पिरिटने पुसलं की कापसावर येतं, आणि एकदा आलं की आलं. मऊ कोरडा ब्रश, फारच मळलं असेल तर किंचित ओलं फडकं आणि लगेच कोरडं, बास. गंज थोडा असेल तर असू दे, संग्राहक मूळचा ओरखडा चालवून घेतात, नवा रंग नाही.

खरी काळजी इंजिनाच्या ओतीव भागांची. जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतूनच फुगतो, आधी केसासारख्या बारीक भेगा, मग तुकडे. यावर औषध नाही, फक्त दमट जागा टाळायची, म्हणजे माळा आणि बाथरूमशेजारचं कपाट दोन्ही बाद. भिंग घेऊन चाकं आणि खालची चौकट बघा.

किमतीचं म्हणाल तर ते वयावर बरंच आहे. डब्लो 1938 साली बाजारात आली, दुसऱ्या महायुद्धाआधीचा माल कमी म्हणून त्याला मान, नंतरचा भरपूर निघाला. एल.एन.ई.आर. बघून हुरळून जाऊ नका, ब्रिटनची रेल्वे 1948 साली सरकारी झाली तरी डब्लोवर जुन्या कंपन्यांची नावं पुढे काही वर्षं येत होती. डब्यांना जोडणारा आकडा बघा, युद्धाआधीचा चपट्या स्प्रिंगच्या पट्टीचा असतो. चावीची गाडी निघाली असती तर मीच उडी मारली असती, कारण युद्धानंतर ती पुन्हा बनवलीच नाही.

भाव बघताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका, मागायला काय जातंय, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांची बघा, तीही तशाच अवस्थेतल्या गाडीची. लाखाचं विसरा, साधा वापरलेला सेट बहुतेक वेळा हसू येईल इतक्या कमी भावात जातो. फाटका असला तरी खोका मात्र टाकू नका, कधीकधी आतल्या डब्यापेक्षा त्यालाच जास्त विचारणा असते! त्याला सेलोटेप लावू नका, आणि जुनी असेल तर ओढू नका, कागदासकट निघते. आणि इंजिन तुला, डबे मला अशी वाटणी तर नकोच, दोघांनाही कमी मिळेल.